अभ्यासिकेच्या भिंतीवर मराठी अक्षरं लावली त्याचा किस्सा

भिंतीवर व्हिनाइलची अक्षरं कशी लावायची याचे व्हिडिओ पाहायला बसलं तर रात्र पुरत नाही, पण त्या सगळ्यांमध्ये अक्षरं इंग्रजी असतात. सुटी सुटी, एकमेकांना न शिवणारी. एखादं वाकडं लागलं तर तेवढंच उचला अन् परत लावा. आपल्या मराठीत अख्खा शब्द एका दांडीला लटकलेला असतो, अन् सगळा खेळ त्या शिरोरेषेचा आहे हे मला धाकट्या भावाच्या अभ्यासिकेचं काम अंगावर घेतल्यावर समजत गेलं. मराठीत याबद्दल कुठे नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जे जे केलं ते लिहून ठेवते.

अभ्यासिका म्हणजे काय हे नागपूरवाल्याला सांगायला नको. गल्लीगल्लीत आहेत. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरणारी पोरं-पोरी पहाटेच डबा घेऊन येऊन बसतात ते रात्रीपर्यंत. भावाने नागपुरातच नंदनवन भागात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, रंग मारला, टेबलं करून घेतली, लोखंडी लॉकर आणले, अन् भिंती राहिल्या पांढऱ्या फटक. आधी पेंटरकडूनच लिहून घ्यायचा विचार होता, खरं सांगते मला आजही हाताने रंगवलेली अक्षरं जास्त आवडतात, पण तशी अक्षरं काढणारा माणूस आता शोधावा लागतो, अन् मजकूर बदलायचा म्हटला की भिंतच परत रंगवा. भावाला तर दर थोड्या दिवसांनी काहीतरी बदलायचंच असतं. म्हणून मग रेडियम कटिंग ठरलं, म्हणजे व्हिनाइलच्या चिकट प्लास्टिकमधून मशीनवर कापलेली अक्षरं.

मजकुरावर घरात मोठी सभा झाली. मला फोटोफ्रेमवर असतात तसले सुविचार नको होते, यशाची शिखरं, घामाचे मोती वगैरे, तिथे बसणाऱ्या पोरांनी ते इतक्यांदा वाचलेले असतात की डोळे वरून घसरतात. पोरांनाच विचारलं तर त्यांनी एक लाइन दिली, "बसला ना? मग उठू नको बे." मला अन् भावाला ती जाम आवडली. बाबांचं म्हणणं, बे भिंतीवर नको, पोरींचे वडील ॲडमिशनला येतात. शेवटी बे गेला अन् "बसला ना? मग उठू नको." राहिलं. मोठ्या भिंतीवर हे, काचेच्या दारावर "स्पर्धा परीक्षा अभ्यासिका" अन् वेळ, लॉकरवर नंबर, अन् मागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, असं काम निघालं. नकाशाचं रामायण शेवटी सांगते.

बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, मागच्या गल्लीत एक रेडियमवाले दादा आहेत, त्यांचं मुख्य काम गाड्यांच्या नंबरप्लेट अन् टाकीवरची नावं, पण प्लॉटर चांगला आहे अन् मुख्य म्हणजे बाजूला उभं राहून पाहू देतात. प्लॉटर म्हणजे प्रिंटरसारखं दिसणारं मशीन, त्यात शाईऐवजी बारीक ब्लेड, रोलर रोल पुढेमागे फिरवतो अन् ब्लेड डावीउजवीकडे सरकते, दोन्ही मिळून आकार कापला जातो. कापताना वरचा व्हिनाइल कापायचा पण खालचा कागद कापायचा नाही, त्याला ते हाफ कट म्हणतात. ब्लेड किती बाहेर काढायची, दाब किती द्यायचा, याच्यासाठी आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून पाहतात, तो नखाने उचलला गेला अन् मागच्या कागदावर फक्त हलका ओरखडा दिसला की सेटिंग बरोबर. कागदही कापला गेला असेल तर नंतर अक्षरं उचलताना कागदाचे तुकडे सोबत येतात अन् डोक्याला ताप.

मी मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यांच्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये तो पेस्ट केल्यावर स्पर्धामधला रफार उडून भलतीकडे गेला अन् जोडाक्षरं मोडली, म्हणून मग तिथल्या पोराने जुन्या फॉन्टमध्ये हाताने टाइप केलं. आता त्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, रफार हे वेगवेगळे तुकडे असतात अन् शेजारीशेजारी ठेवले की शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढतात. कागदावर छापायचं असेल तर काही फरक पडत नाही, काळ्यावर काळं. पण प्लॉटरला काळं-पांढरं काही कळत नाही, त्याला फक्त आकाराची कड कळते, तो प्रत्येक तुकड्याच्या कडेने ब्लेड फिरवतो. म्हणजे "बसला" शब्दात ब वेगळा कापला जातो, स वेगळा, ल वेगळा, काना वेगळा, अन् प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत दोन उभ्या चिरा पडून मधे बारीकसा तुकडा राहतो. भिंतीवर लावल्यावर तो तुकडा आधी उचलला जातो, मग त्याच्यात धूळ, मग अख्खी रेघ.

त्यावर उपाय अगदी सोपा आहे, सगळं सिलेक्ट करून आधी कर्व्हमध्ये बदलायचं, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार होतात, अन् मग वेल्ड मारायचं. वेल्ड केलं की चढलेले तुकडे विरघळून शब्दाची बाहेरची एकच अखंड कड उरते. दादांना हे माहीत होतं, पण नंबरप्लेटच्या घाईत कोण करतो. मी म्हटलं, "दादा, सगळ्याला वेल्ड मारा ना." तर म्हणे, "मारतो जी, पण मंग अक्षर मांगंपुढं सरकवता येत नाई, फायनल पाहून घ्या आधी." बरोबरच होतं त्यांचं. पाहिलं तर परीक्षाची परिक्षा झालेली. एमपीएससीच्या पोरांच्या दारावर ऱ्हस्व रि, म्हणजे पहिल्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर. ते दुरुस्त करून घेतलं.

पुढच्या वेळी मी घरीच फाइल करून नेली. इंकस्केप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो ती, व्यवस्थित दिसते. मुक्ता फॉन्ट वापरला, तोही फुकट आहे अन् त्याच्या रेषा जाडीला बऱ्यापैकी सारख्या आहेत म्हणून कटिंगला चांगला. टाइप करायचं, ऑब्जेक्ट टू पाथ (तिथलं कर्व्ह), मग युनियन (तिथलं वेल्ड), अन् आउटलाइन मोडमध्ये झूम करून प्रत्येक सांधा पाहायचा, शिरोरेषेत कुठे उभी रेघ दिसली की समजायचं तिथे जुळलं नाही. ही फाइल दादांना पीडीएफमध्ये दिली तर त्यांच्या मशीनने कुरकुर न करता कापली. फॉन्ट निवडताना एक पाहा, सुलेखनासारखे बारीक-जाड टोकांचे फॉन्ट स्क्रीनवर फार सुंदर दिसतात पण त्यांची निमुळती टोकं भिंतीवर टिकत नाहीत, दोन-तीन मिलिमीटरच्या खाली रेघ गेली की ती सोलताना तुटते नाहीतर पुढे कधीतरी कोणाच्या तरी बॅगला अडकून निघते.

मापाचाही मराठीचा वेगळा हिशोब आहे. दुकानात विचारतात किती इंची अक्षर, आपण म्हणतो नऊ इंच, अन् ते वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत नऊ इंच धरतात. आमच्या ओळीत "को"ची मात्रा वर अन् "ठू"चा उकार खाली, म्हणजे मधलं मुख्य अक्षर राहिलं जेमतेम साडेपाच-सहा इंचाचं. लांबून वाचायला साधारण दर दहा फुटांना एक इंच अक्षर असा अंदाज सांगतात, तर तो मुख्य अक्षराला लावायचा, मात्रेसकट उंचीला नाही. अन् पैसे चौरस फुटावर असतात, तेही अक्षराच्या नाही, भोवतीच्या पूर्ण चौकोनाच्या. मला साध्या रंगाला चौरस फुटामागे ७० रुपये सांगितले, वरून लावायच्या टेपचे वेगळे.

आता माल कोणता घ्यायचा. दुकानात हाताशी असतो तो चमकदार, कायमच्या गोंदाचा, गाड्यांना लागतो तो. भिंतीवर तो ट्यूबलाइटखाली असा चमकतो की एका बाजूने अक्षरच वाचता येत नाही, अन् काढायची वेळ आली की रंगाचे पापुद्रे घेऊन येतो. भिंतीसाठी मॅट अन् रिमूव्हेबल गोंदाचा मागायचा, ओरॅकल ब्रँडचा ६३१ नंबर त्याच्यासाठीच आहे, ६५१ हा कायमचा. दादांकडे ६३१ नव्हता, मागवून दिला.

याच्यात अजून एक भानगड आहे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, अन् ते मुळात कडक प्लास्टिक, १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमनने त्यात तेलकट रसायन मिसळून ते मऊ करायची युक्ती शोधली, तेव्हापासून हे व्हिनाइल असं वाकतं अन् चिकटवता येतं. पण ते मऊ करणारं रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर सरकत राहतं, थोडं गोंदातही उतरतं, अन् मग जुने स्टिकर आक्रसतात, कडेने गोंदाची काळी रेघ दिसायला लागते. स्वस्त माल गरम रोलरमधून लाटून काढलेला असतो, त्याला कॅलेंडर्ड म्हणतात, त्यात ताण राहिलेला असतो म्हणून तो जास्त आक्रसतो. महाग तो कास्ट, पातळ द्रव पसरवून वाळवलेला, साधारण ५० मायक्रॉनचा, तो आहे तसा राहतो. घराच्या आतल्या सपाट भिंतीला कास्टची काहीच गरज नाही, उगाच पैसे घालवू नका. बाहेर उन्हात किंवा गोलाई असलेल्या पत्र्यावर लावायचं तर मात्र विचार करा, इथलं ऊन काय चीज आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, २३ मे २०१३ ला ४७.९ अंश गेलं होतं.

भिंतीने मात्र आम्हाला लय खेळवलं. भावाने हौसेने महागाचं इमल्शन मारलं होतं, ते ओल्या फडक्याने पुसता येतं, चहाचे डाग निघतात वगैरे. रंग दिल्यावर लगेच व्हिनाइल लावायचा नाही हे मला वाचून माहीत होतं, रंग हाताला वाळला तरी आतून महिनाभर वाफा सोडत असतो अन् त्या व्हिनाइलखाली अडकून फुगे येतात, म्हणून साधारण महिना जाऊ दिला. मग एका कोपऱ्यात उरलेले तुकडे चिकटवून पाहिले. सकाळी सगळे खाली टेबलावर. आधी वाटलं माल खराब, पण तोच माल लॉकरवर घट्ट बसलेला. पेंटर काकांना बोलावलं तर ते हसले, "ताई, तो रंग घान चिकटू नये म्हणूनच बनवला हाय. मंग तुमचं स्टिकर बी घानच ना त्याच्यासाठी." एका वाक्यात सगळं आलं. डाग न धरणाऱ्या रंगात जे घालतात त्याच्यावरून धूळ घसरते तसा गोंदही घसरतो.

दादांनी सुचवलं सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, स्टिकर लावून बोर्डच भिंतीला ठोका. तो मार्ग सरळ आहे, बरेच लोक तेच करतात, पण मला बोर्ड नको होता, भिंतीवर लिहिलेलं दिसायला पाहिजे होतं. शेवटी काकांनी ओळ येणार होती तेवढा आडवा पट्टा बारीक पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून, त्यावर साध्या मॅट इमल्शनचे दोन हात मारले, तेही मुद्दाम हलक्या पिवळ्या रंगाचे म्हणजे पट्टा ठरवून केल्यासारखा दिसावा. परत महिना थांबणं आलं. भाऊ चिडला, म्हणे स्टिकर लावायला इतके सोपस्कार कोण करतं. पण कोपऱ्यातला तुकडा यावेळी राहिला, अन् काढून पाहिला तर रंग न ओरबाडता निघाला. हे दोन्ही व्हायला पाहिजे, नुसतं टिकलं म्हणजे झालं नाही.

ज्यांच्याकडे डिस्टेंपर आहे त्यांनी सेलोटेप दाबून लावून झटक्यात ओढून पाहावी, टेपवर पांढरी भुकटी आली तर व्हिनाइलचा नाद सोडा, तो भुकटीलाच चिकटेल, भिंतीला नाही. ओल आलेली किंवा लोणा फुललेली भिंत तर बादच. आमच्या जिन्याची भिंत तशी आहे, तिथे मी काहीच लावलं नाही. अन् कूलर! कूलरच्या तोंडासमोरची भिंत उन्हाळाभर दमट हवा खाते, पोरांना तिथेच बसायला भांडायचं असतं अन् मोठ्या अक्षरांची जागाही भावाने तिथेच ठरवली होती, ती मी बदलायला लावली.

लावायचा दिवस उजाडला तो एप्रिलच्या शेवटी, म्हणजे सूर्य उगवायच्या आधी काम सुरू करणं भाग. दुपारच्या गर्मीत गोंद इतका मऊ होतो की जास्तीचा व्हिनाइल सोलताना तो पट्टा हातातून सुटला अन् अक्षरावर पडला तर दोन्ही गेले. सोलायचं काम मी आदल्या दिवशी सकाळीच करून ठेवलं, सुईने अन् चिमट्याने. मराठीत इथेही मजा आहे. ब च्या पोटात तिरपी रेघ असते त्यामुळे दोन इवल्या खिडक्या, त्या विसरल्या की ब भरीव दिसतो. अनुस्वाराचा, प्रश्नचिन्हाचा, पूर्णविरामाचा टिंब हे शब्दापासून सुटे असतात, आजूबाजूचा व्हिनाइल ओढताना ते गुपचूप त्याच्यासोबत जातात. युक्ती अशी की टिंबाजवळ आलं की पट्टा अगदी कागदालगत वळवून हळू ओढायचा अन् टिंबावर नख दाबून धरायचं. बाकी शब्द मात्र इंग्रजीपेक्षा सोपा जातो, एका दांडीला सगळं बांधलेलं असल्यामुळे अक्षर निसटत नाही. सोललेले रोल कूलरच्या खोलीत मात्र ठेवू नका, मागचा कागद दमट हवेने फुगतो अन् व्हिनाइल जागोजाग सुटून त्याच्याखाली बोगदे तयार होतात.

मग वरून ट्रान्सफर टेप, म्हणजे सोललेली अक्षरं आहेत त्या जागी धरून कागदावरून भिंतीवर नेणारी रुंद टेप. फार चिकट टेप घेतली तर ती काढताना भिंतीचा रंग घेऊन येते, मध्यम चिकट घ्यायची. आमची ओळ होती नऊ फूट लांब, एका तुकड्यात ती सांभाळणं शक्य नाही, इंग्रजीत कुठल्याही दोन अक्षरांमधून कापता येतं, आपल्याला फक्त दोन शब्दांच्या मधूनच. म्हणून "बसला ना?" एक तुकडा अन् "मग उठू नको." दुसरा. आता दोन तुकड्यांच्या शिरोरेषा एका रेघेत यायला पाहिजेत, अन् भिंतीवर नऊ फुटांची सरळ रेघ असली की पाव इंचाचा फरकही डोळ्याला टोचतो. इंग्रजी अक्षरांना वर टेकायला रेघ नसते म्हणून थोडंफार खपून जातं.

इथे बाबा कामाला आले. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यांनी मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पाहून तोंड वाकडं केलं अन् माळ्यावरून पारदर्शक लेव्हल पाइप काढला. पाणी भरून दोन टोकांना खुणा केल्या, पेन्सिलने बारीक रेघ मारली. सूत मारायचं त्यांनीच टाळलं, सुताची भुकटी भिंतीवर बसते अन् गोंद तिला चिकटतो. रेघ झाली अन् लांब जाऊन पाहिलं तर ती तिरपी दिसत होती. पाणी खोटं बोलत नाही, तिरपा होता वरचा बीम, बारा फुटांत साधारण अर्धा इंच उतरलेला. भाऊ म्हणाला पाण्याप्रमाणेच लावू, नियम म्हणजे नियम. बाबा म्हणाले, "वाचणारा काय पाइप घेऊन येनार हाय? त्याच्या डोळ्याले बीम दिसते." मग बीमपासून मोजून दुसरी रेघ मारली अन् शिरोरेषा दोन्हींच्या मधोमध ठेवली, अन् ओळही बीमपासून खाली आणली म्हणजे दोन रेघांची तुलना होऊ नये. आता कोणाला काही कळत नाही. मला कळतं, पण मी कोणाला सांगत नाही, इथे सांगितलं तेवढंच.

प्रत्यक्ष लावणं मग पटकन झालं. तुकडा जागेवर मास्किंग टेपने टांगायचा, मधोमध एक उभी मास्किंग टेप मारायची म्हणजे ती बिजागरीचं काम करते, मग एक बाजू उचलून मागचा कागद मधापर्यंत सोलायचा अन् कापून टाकायचा, अन् मधून कडेकडे प्लास्टिकच्या पट्टीने दाबत जायचं. नंतर मधली टेप काढून दुसरी बाजू तशीच. पाहिजे ती काळजी एकच, ताणायचं नाही. मोठ्या शब्दाची शिरोरेषा म्हणजे तीन फुटांची अरुंद पट्टी, गरम हवेत ओढली की लांबते अन् भिंतीवर लाट येते, मग ती लाट काही केल्या बसत नाही. टेप काढताना सरळ बाहेर नाही ओढायची, स्वतःवर उलटी दुमडून भिंतीलगत सरकवत काढायची, अन् कुठे व्हिनाइल टेपसोबत उठायला लागला की परत दाबून पट्टी मारायची. बारीक फुगे राहिले ते मी सोडून दिले, काही दिवसांत आपोआप बसले. मोठा होता त्याला कडेला टाचणी टोचून हवा काढली.

काचेच्या दाराची पद्धत उलटी. भिंतीवर पाणी चालत नाही, काचेवर पाण्याशिवाय करू नका. स्प्रेच्या बाटलीत पाणी अन् शाम्पूचे दोन थेंब, काच भिजवायची, स्टिकर वर तरंगतो, सरकवून जागेवर आणायचा अन् मग पट्टीने पाणी बाहेर काढायचं. बोअरचं पाणी वापरू नका, इथलं जड असतं, वाळल्यावर स्टिकरखाली पांढरे डाग राहतात, फिल्टरचं घ्या. अक्षरं आतून लावली म्हणजे बाहेरच्या धुळीने अन् हाताने निघत नाहीत, त्यासाठी मात्र कटिंग उलटं मागावं लागतं, आरशात दिसतं तसं. भावाला पश्चिमेच्या खिडक्यांनाही काळी फिल्म पाहिजे होती, तिथे काचवाल्यानेच अडवलं, साध्या काचेवर गडद फिल्म लावली की मधला भाग उन्हाने तापतो, चौकटीत दबलेली कड थंड राहते अन् काच तडकू शकते. फ्रॉस्टेड लावली, ती बरी आहे.

लॉकरचे नंबर एकदम बिनतक्रार, पावडर कोटिंगवर नारंगी आकडे, आधी स्पिरिटने पुसून घेतलं की झालं. प्लास्टिकच्या खुर्च्यांना मात्र नंबर टिकत नाहीत. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, त्या प्लास्टिकला गोंद धरतच नाही, पाण्याच्या टाकीचंही तसंच. खुर्च्यांना शेवटी पेंट मार्करने नंबर टाकले.

आता नकाशा. चार फूट रुंद, जिल्हे वेगवेगळे कापलेले अन् मधे बारीक फट. भावाने नेटवरून फाइल काढली अन् कापायच्या आधी पोरांच्या ग्रुपवर टाकली, हे त्याने फार चांगलं केलं. पाच मिनिटांत मेसेज, "सर पालघर कुठाय?" फाइल जुनी होती, ३५ जिल्ह्यांची, पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, हेही त्याच पोराने तारखेसकट लिहिलं. मग दुसऱ्याने विचारलं नावं कोणती टाकणार, जुनी की नवी, अन् त्यावरून रात्रभर ग्रुप पेटला. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर हे तर ठरलं, परीक्षेत तेच लिहायचं, पण एका जिल्ह्याच्या आकारात छत्रपती संभाजीनगर बसवायचं म्हणजे दोन ओळी अन् अक्षर लहान, लहान झालं की छत्रपतीमधला त्र भरून जातो. तिथे अक्षर जाड न ठेवता थोडं मोकळं ठेवलं.

राज्य पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर, ते चार फुटांत म्हणजे एका किलोमीटरला दीड मिलिमीटर. या हिशोबात गडचिरोली ऐसपैस मावतो अन् मुंबई शहर जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचं. त्याचं नाव अरबी समुद्रात लिहून रेघ ओढली. किनारपट्टी फाइलमध्ये इतकी खाचाखोचांची होती की प्लॉटर तिथे अडखळायचा, दादांनी नोड, म्हणजे रेघेवरचे वळणाचे बिंदू, कमी करून ती सोपी केली, कोकणातली एखादी खाडी बुजली असेल, त्याबद्दल अजून कोणी मेसेज केला नाही. जिल्हे निळे अन् त्यावर नावं पांढऱ्या व्हिनाइलची, दोन्हींचा गोंद रिमूव्हेबल, म्हणजे उद्या परत नाव बदललं किंवा जिल्हा फुटला तर हेअर ड्रायरने गरम करून तेवढाच तुकडा काढता येईल.

नकाशा लागल्यावर पोरांची नवीन मागणी आली, विदर्भाचे ११ जिल्हे वेगळ्या रंगात पाहिजेत. भाऊ म्हणाला, अभ्यासिकेत राजकारण नको. बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "नारंगी रोल उरला हाय ना लॉकरचा?" उरला होता. मी दादांना फाइल पाठवून दिली आहे, ११ तुकडे, शिरोरेषा नाही, वेल्डची गरज नाही.